घराखालची ओल

रॅले, नॉर्थ कॅरोलिना
९ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "खालच्या जाळ्या अजून बंदच ठेवल्यायस? मग लाकूड कुजायचं नाही का गं?" तेवढ्यात छोटी झोपेतून उठली आणि तुमच्या प्रश्नाला धड उत्तर देता आलं नाही. पण तुमचा घोर माझ्या लक्षात आला. देवरुखचं घर तुम्ही स्वतः उभं राहून बांधून घेतलंत, तेव्हा ओलीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही. म्हणून सगळं लिहून पाठवते.

इथल्या घरांना आपल्यासारखं भरीव जोतं नसतं. सिमेंटच्या विटांची बुटकी भिंत सभोवार उचलतात, मधे खांब, त्यावर लाकडी तुळया आणि तुळयांवर फळ्यांची जमीन. जमिनीखाली कंबरभर उंचीची पोकळी राहते. तिला क्रॉल स्पेस म्हणतात, कारण आत रांगतच जावं लागतं. तळाला उघडी माती. पाण्याचे पाइप, एसीच्या हवेच्या जाड नळ्या, विजेच्या वायरी, सगळं तिथूनच फिरवलेलं असतं. आणि भिंतीत ठरावीक अंतरावर जाळ्या. जुना नियम असा, की १५० चौरस फूट जागेला १ चौरस फूट जाळी. आमची जागा १२०० चौरस फूट, म्हणजे ८ चौरस फूट जाळ्या. हेतू तोच, जो तुम्ही सांगितलात: वारा खेळू दे, ओल निघून जाईल.

जुलैत छोटीच्या खोलीत कुबट वास यायला लागला. पुस्तकांची पानं मऊ पडली. बैठकीतल्या फळ्यांच्या कडा वर आल्या, अनवाणी चाललं की पायाला जाणवायच्या. तुम्ही म्हणालात, जाळ्यांसमोरची झुडपं काढ, जाळ्या साफ कर, जमलं तर पंखा लाव. तसंच केलं. त्याआधी खाली आर्द्रतेचा मीटर ठेवला होता, तो ८४ टक्के दाखवत होता. पंखा लावून आठ दिवस झाले तेव्हा ९३.

मग मी स्वतः खाली उतरले. मास्क, टॉर्च, अंगभर जुने कपडे. बाबा, ते दृश्य मी विसरणार नाही. एसीच्या नळ्यांना थेंब लगडले होते, पागोळ्या गळाव्यात तसे टपटपत होते. तुळयांच्या मधे काचेच्या लोकरीच्या गाद्या खोचलेल्या असतात, त्या पाणी पिऊन जड झाल्या होत्या आणि लोंबत होत्या. तुळयांवर पीठ भुरभुरावं तशी पांढरी बुरशी. नखाने टोकरून पाहिलं, लाकूड अजून टणक होतं, तेव्हा जिवात जीव आला. कोपऱ्यात आणखी एक गोष्ट सापडली: कपडे वाळवायच्या यंत्राची नळी निसटून खालीच पडली होती. एका खेपेच्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी वाफ होऊन निघतं. ते घराबाहेर न जाता किती महिने तुळयांना लागत होतं कोण जाणे.

आता पंख्याने ओल वाढली कशी, ते सांगते. आई, गार पाण्याचा तांब्या पाटावर ठेवला की बाहेरून ओला होतो, तो काही गळत नसतो. हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं. आपल्या माजघरातली शहाबादी फरशी पावसाच्या तोंडाशी घामेजते आणि तू म्हणतेस जमिनीतून पाणी वर आलं. थोडं येतही असेल, पण बरंचसं याच जातीचं असतं. बाहेरची हवा दमट आणि गरम, फरशी रात्रीची गार.

इथे जुलैच्या दुपारी ३२ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असली, तर ती हवा २३ अंशांपर्यंत थंड झाली की दव धरते. घराखालची माती सावलीत असते, गार असते. तीच हवा जाळीतून आत येऊन २५ अंशांवर आली, तरी तिची आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. एक थेंबही पाणी न वाढता. आणि एसीच्या नळ्या तर १३-१४ अंशांना, त्यांच्यावर पाणी धरणारच. म्हणजे मी पंख्याने ओल बाहेर काढत नव्हते, दिवसरात्र आत भरत होते. चूक तुमच्या सल्ल्याची नाही. आपलं घर एसीने थंड केलेलं नसतं, आत-बाहेर तापमान जवळजवळ सारखं, तिथे वारा कामाचा. इथे घर थंड आणि बाहेर वाफ, तिथे तोच वारा उलटतो.

हे माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. इथून सव्वा तासावर प्रिन्सव्हिल नावाचं गाव आहे, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेलं. १९९९ च्या फ्लॉइड चक्रीवादळात ते पाण्याखाली गेलं. नंतर तिथे जी नवी घरं बांधली, त्यांतल्या एकसारख्या १२ घरांवर रॅलेच्याच ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने काही वर्षं मोजमाप केलं. काही घरांच्या जाळ्या उघड्या, काहींच्या बंद. मातीवर प्लास्टिक दोन्हीकडे. उन्हाळ्यात बंद घरांच्या खाली कोरडं राहिलं, जाळीवाल्यांच्या खाली हवा दमटच. शिवाय बंद घरांचा थंडी-गरमीचा वीजखर्च १५ टक्के किंवा त्याहून जास्तच कमी झाला. हे वाचलं तेव्हा माझा निर्णय झाला.

पण नुसत्या जाळ्या बुजवल्या असत्या तर तुमची भीती खरी ठरली असती. मातीतली वाफ आतच कोंडली असती. क्रम महत्त्वाचा आहे, बाबा, आणि पहिलं काम अगदी तुमच्या पद्धतीचं. छपराचं पाणी. २५ मिलिमीटर पाऊस पडला तर आमच्या छपरावरून सुमारे २८०० लिटर पाणी उतरतं, आणि आमच्या पन्हळीची तोंडं भिंतीच्या पायथ्याशीच सुटत होती. ती दहा फूट लांब नेली, भिंतीलगत माती घालून उतार बाहेरच्या बाजूला केला. तुम्ही घराभोवती चर काढायचात ते आठवत होते. एका कंत्राटदाराने याकडे न बघताच मोठ्या पंपाचं अंदाजपत्रक हातात ठेवलं होतं, त्याला नाही म्हटलं.

मग वाळवण्याच्या यंत्राची नळी पत्र्याची करून थेट बाहेर काढली. मातीवर जाड प्लास्टिक, सांध्यावर हातभर एकावर एक, चिकटपट्टीने बंद, खांबांना गुंडाळून वर. भिंतीवर चढवताना तुळईच्या खाली तीन इंच मोकळे सोडले, म्हणजे वाळवीची माती चढली तर दिसेल. तो पट्टा तुमचे जावई दर दोन महिन्यांनी टॉर्चने बघतात. मग जाळ्या आतून बंद केल्या. शेवटी हवेतलं पाणी ओढणारं यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी त्याच्या नळीखाली बादली लावली: २४ तासांत १४ लिटर. मी ती बादली दोन्ही हातांनी उचलली, तेव्हा कळलं आपण कशावर राहत होतो.

एक जपायचं असतं. खालून हवा बाहेर फेकणारा पंखा बिनविचार लावला आणि तिथेच गॅसवरचा बंब असला, तर त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. आमचा बंब विजेचा आहे, तरी कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावून घेतली. आणि जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी, फुप्फुसांना घातक वायू येतो, त्याची तपासणीही केली, ठीक निघाली.

एवढा खटाटोप छोटीसाठी. थंडीत घरातली गरम हवा वर जाते आणि तिची जागा भरायला पाइपांच्या फटींतून खालची हवा वर येते. खाली जी बुरशी, ती थोडी थोडी आपल्याच नाकात. त्या फटीही फोमने बुजवल्या. ऑक्टोबरपासून तिचा रात्रीचा खोकला थांबलाय. खोकला त्यामुळेच होता असं डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, पण मला फरक दिसतो. मीटर आता ५४-५५ वर असतो. बैठकीतल्या फळ्या बहुतेक बसल्या, दोनच अजून उचललेल्या आहेत.

आता तुमच्याकडचं. दादाने मागच्या खोलीत एसी बसवला आणि श्रावणात कपाटामागे काळी बुरशी आली, असं आई म्हणाली. मला वाटतं तिथेही हेच घडतंय. एसी चालू असताना वरचं झरोक्याचं गवाक्ष उघडंच राहतं ना? दमट हवा आत येते आणि गार भिंतीवर पाणी सोडते. एसी चालू तेवढा वेळ ते बंद ठेवा, २६ च्या खाली लावू नका, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एसी नसेल तेव्हा मात्र खुशाल सगळं उघडा. एक तपासा: त्या भिंतीवर बाहेरून पागोळ्यांचं पाणी उडतं का? उडत असेल तर आधी पन्हळ, बाकी सगळं नंतर.

डिसेंबरात येताना दोन छोटे मीटर आणते. एक त्या खोलीत, एक आईच्या उशाशी, जमिनीपासून हातभर वर. पुढच्या पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळचे आकडे तुमच्या त्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. आई, दम्याचा पंप वेळेवर घेत जा.

तुमची,
धाकटी