ताई, पोच दिल्याबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

या महिनाअखेरीला तुम्ही नगरपरिषदेतून निवृत्त होताय असं कळलं. सभागृहात निरोप समारंभ होईल, शाल-श्रीफळ होईल, साहेब मंडळी चार शब्द बोलतील. आम्ही अर्जदार तिथं नसणार, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. मी खालच्या आळीतली गिरणीवाली. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि आपल्या गावात आवक-जावकच्या, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद ठेवणाऱ्या, ताई म्हटल्यावर वेगळी ओळख सांगावी लागत नाही.

आभार पोच दिल्याबद्दल मानायचे आहेत. ज्यांना सरकारी कचेरीत कधी कागद द्यावा लागला नाही, त्यांना हे फार किरकोळ वाटेल. पण ज्यांनी अर्ज हातात घेऊन "ठेवा इथं, बघतो" हे ऐकलं आहे, त्यांना लगेच समजेल. "ठेवा इथं" म्हणून ठेवलेला कागद पुढं कुठं जातो ते कुणालाच सांगता येत नाही. महिन्याभरानं विचारायला जावं तर "असा अर्ज आलाच नाही." तुमच्या टेबलावर असं कधी झालं नाही. तुम्ही अर्ज वाचायचा, विषय नोंदवहीत चढवायचा, आमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही करायची. मग त्याच प्रतीवर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचं, अर्ज कोणत्या विभागाकडे गेला ते. बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, कर. त्या एका शब्दामुळे पुढच्या वेळी कुठल्या टेबलापुढं उभं राहायचं ते कळायचं. हे कुणाला मागावं लागलं नाही. सही न येणाऱ्या आजीलाही तुम्ही तेवढीच पोच दिलीत जेवढी वकिलाला दिलीत.

माझं स्वतःचं काम आधी सांगते, कारण ते मला सगळ्यात जवळून ठाऊक आहे. चतुर्थ वार्षिक कर आकारणी झाली तेव्हा मोजमापाला आलेल्या मुलांनी आमचं अख्खं घर बिगरनिवासी दाखवलं. पुढच्या खोलीत गिरणी आहे हे खरं. पण मागच्या दोन खोल्या आणि वरचा माळा, तिथं आम्ही राहतो. नोटिशीतला घरपट्टीचा आकडा बघून सासूबाईंनी जेवण टाकलं होतं. बिगरनिवासी म्हटल्यावर दर वेगळा, त्यावर रोजगार हमी उपकर वेगळा, आणि भरायला उशीर झाला की महिन्याला दोन टक्के शास्ती. आळीत जो तो सांगत होता, कुणाला तरी भेटून मिटवून टाक.

मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही पहिलं विचारलंत, "नोटीस कधी मिळाली?" हरकतीची मुदत नोटिशीच्या तारखेपासून चालते, ती हुकली की पुढचं सगळं अवघड, हे तुम्ही समजावलंत. दुसरा प्रश्न मला आयुष्यात सुचला नसता. "वीजबिलं दोन येतात ना तुम्हाला?" येतात. गिरणीचा मीटर वेगळा, घराचा वेगळा. "मग दोन्हींची झेरॉक्स जोडा. कुठला भाग धंद्याचा नि कुठला राहण्याचा, ते महावितरणनंच लिहून दिलंय." हरकतीच्या अर्जाला मी हातानं काढलेला घराचा नकाशा जोडला, लांबी-रुंदी फुटांत लिहून. सुनावणीला माझा नंबर आला तेव्हा साहेबांनी दोन्ही बिलं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली आणि कर निरीक्षकांना पुन्हा मोजायला पाठवलं. आता नमुना 43 च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, उताऱ्यावर आमच्या घराच्या दोन ओळी आहेत, गाळ्याची वेगळी नि घराची वेगळी. कुणाला भेटावं लागलं नाही, काही द्यावं लागलं नाही. ताई, त्या उताऱ्याची प्रत सासूबाईंनी देवघराच्या कपाटात ठेवली आहे.

निर्णय तुमचा नव्हता, मला माहीत आहे. तुम्हाला कर कमी करायचा अधिकारच नव्हता. पण अधिकार असणाऱ्यापर्यंत आमचं म्हणणं नीट, वेळेत आणि पुराव्यासकट पोचेल, एवढं तुम्ही पाहिलंत. आम्हाला नडतं ते तिथंच. माणसं खरी असतात, कागद अर्धा असतो.

गिरणीत दळण टाकून बायका बसतात तेव्हा सगळ्या आळीची गाऱ्हाणी निघतात. कुणाकडे नळाला वास, कुणाच्या दाराशी दिवा बंद, कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या पोरीच्या जन्मदाखल्यावर नावच नाही. पूर्वी आम्ही हे सगळं एका अर्जात घालायचो, खाली पंचवीस सह्या करायचो आणि वाटायचं, आता दणका बसला. तुम्ही तो अर्ज घेऊन म्हणालात, "एका अर्जात एकच विषय. अर्ज एका टेबलावर जातो. गटाराचं तिथं होईल, दिव्याचं तिथंच पडून राहील." मग त्याच कागदाचे तुम्ही आम्हाला चार अर्ज करायला लावलेत. वर "प्रति, मा. मुख्याधिकारी", खाली विषय एका ओळीत, मग जागा कुठली ते ओळखू येईल असं, कधीपासून ते, आणि काय करून हवं ते. दूषित पाण्याच्या अर्जात तुम्ही आणखी एक ओळ घालायला सांगितलीत. जलवाहिनी गटारातून जाते, म्हणून पाणीपुरवठा आणि बांधकाम दोघांनाही प्रत. दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवत होते ते त्या ओळीनं थांबलं, कारण दोघांच्याही नोंदवहीत एकाच तारखेला तोच कागद चढला होता.

जन्मदाखल्याचं त्या पोरीच्या आईला कुणीतरी सांगितलं होतं की वर्ष उलटलं, आता कोर्टात जावं लागेल. तुम्ही तिला खुर्ची दिलीत आणि समजावलंत की जन्माची नोंद झालेलीच आहे, फक्त नाव भरायचं राहिलंय, आणि ते 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून भरता येतं. जन्माची नोंदच नसली तर भानगड निराळी. हा फरक न कळल्यामुळे किती जणी एजंटाच्या हातात पैसे ठेवून येतात! शाळेच्या प्रवेशाआधी दाखला मिळाला. ती बाई आता दुसऱ्या गावी राहते, पण तिनं मुद्दाम कळवलंय की पत्रात माझंही लिही.

गटाराचं मात्र लांबलं. अर्ज गेला, उत्तर आलं की काम पूर्ण झालेलं आहे. आळीत तर गटार वळणाच्या अलीकडेच थांबलेलं, पावसात सगळं पाणी दोन घरांच्या उंबऱ्यापर्यंत. मी चिडून तुमच्यापुढं उभी राहिले. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलंत. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतील. माहितीच्या अधिकारातला तो फलक कितीतरी दिवस तिथं होता, वाचला कुणीच नव्हता. आम्ही तिघी सोमवारी गेलो, कामाची फाईल मागितली, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक पाहिलं. कागदावर गटार वळणाच्या पुढं चार घरं गेलं होतं. पुढचा अर्ज आम्ही मोजमाप पुस्तकातल्या आकड्यांसह दिला, फोटो लावून. त्यावर उत्तर आलं नाही, माणसं आली. राहिलेलं गटार त्या उन्हाळ्यातच पुरं झालं.

हे सगळं ज्या काळात घडलं तो काळ आठवून मला तुमचं जास्त वाटतं. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या मंडळाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक होईपर्यंत चार वर्षं प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाचा नि प्रभागांचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकलेला. या वर्षांत वॉर्डाला नगरसेवक नव्हता, सर्वसाधारण सभा नव्हती, सभेत आपला प्रश्न मांडायला कुणी माणूस नव्हता. मुख्याधिकारीच प्रशासक, आणि आपल्याकडे तर ते बदलूनही जायचे. एरवी माणूस रात्री नगरसेवकाच्या दाराशी जाऊन ओरडतो तरी. त्या चार वर्षांत गावाचं नगरपरिषदेत म्हणून जे काही ऐकलं गेलं, ते तुमच्या टेबलावरून आत गेलं. साहेब बदलले तरी जुन्या अर्जांचा क्रमांक आणि तारीख होती, म्हणून नव्या साहेबांना "मला माहीत नाही" म्हणता आलं नाही. लोकशाहीबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला ती त्या वर्षांत तुमच्या नोंदवहीत दिसली, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

आवक-जावकला कुणी आनंदानं बसत नाही, हेही ऐकून आहे. बांधकाम किंवा कर म्हटलं की वजन, आवक म्हटलं की कोपऱ्यातलं टेबल. मला हा हिशेब पटत नाही. तिथं आळशी माणूस बसला तर अख्ख्या गावाची दाद बंद होते आणि वर कुणालाही त्याचा पत्ता लागत नाही.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, ही सवय कुठून लागली. तेव्हा तुम्ही जकात नाक्याचं सांगितलंत. यजमान गेल्यावर अनुकंपावर लागलात, पहिली वर्षं जकात विभागात. पावती फाडल्याशिवाय गाडी सोडायची नाही आणि पैसे घेतल्याशिवाय पावती फाडायची नाही, एवढा एकच नियम तुमच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी शिकवला. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली, नाके उठले, माणसं वेगवेगळ्या विभागांत गेली. तुम्ही पावतीचा नियम बरोबर घेऊन आलात.

आणखी एक गोष्ट लिहू का, असा विचार करत होते. लिहितेच. संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी मी एकदा बाकावर बसले होते. तुम्ही शेवटच्या नोंदीखाली तिरकी रेघ मारली, पान संपेपर्यंत, आणि रेघेवर सही केलीत. मला वाटलं रिवाज असेल. तेवढ्यात एक गृहस्थ आले, गावातले वजनदार. त्यांना एका अर्जावर मागच्या आठवड्यातली तारीख हवी होती, कसली तरी मुदत होती. हळू आवाजात बोलत होते. तुम्ही नोंदवही फिरवून त्यांच्याकडे केलीत आणि रोजच्या पानांवरच्या रेघा दाखवल्यात. "जागा नाही साहेब. आजची तारीख घालून देते, आत्ता." ते गेले. तुम्ही त्याबद्दल नंतर एक शब्द बोलला नाहीत, मीही आजवर कुठं बोलले नव्हते. तुमची बदली होईल असं मला तेव्हा वाटलं होतं. झाली नाही, हे गावाचं नशीब.

डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या, आता नगराध्यक्ष आहेत, नगरसेवक आहेत. चांगलंच आहे. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. त्यांना आम्ही सांगितलं आहे की फोनवर तक्रार घेऊ नका, अर्जाची प्रत घ्या आणि पोचेवरचा क्रमांक घेऊन आत जा. हल्ली बऱ्याच सेवा 'आपले सरकार' या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन आहेत, लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना दिवस ठरवून दिले आहेत, ते बरंच झालं. पण ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही त्यांचे अर्ज कागदावरच यायचे. तुमच्या जागी येणाऱ्या मुलाला तुम्ही शिकवताय असं ऐकलं. त्याला रेघ मारायला तेवढी नक्की शिकवा.

तुमच्या पेन्शनची कागदपत्रं, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, सेवापुस्तकातल्या नोंदी, सगळं वेळेत व्हावं अशी इच्छा आहे. नगरपरिषदेच्या निवृत्त माणसांना या कामासाठी हेलपाटे घालावे लागतात हे आळीतल्या एका काकांमुळे जवळून पाहिलं आहे. तुमच्या बाबतीत तसं झालं तर आम्हाला सांगा. अर्ज आम्ही लिहू, एका विषयाचा एक, आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

आणि एक विनंती. शनिवारी दुपारी गिरणी बंद असते. त्या वेळी आम्ही काही जणी आळीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो, तुम्ही शिकवलं तसे. वारसनोंदीत आम्ही अजून अडखळतो. नगरपरिषदेच्या उताऱ्यावर नाव लागलं तरी सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर ते आपोआप लागत नाही, तिथं वेगळा अर्ज करावा लागतो, हे लोकांना पटवताना नाकी नऊ येतात. तुम्ही सवड काढून एखादा शनिवार आलात तर फार बरं होईल. बसायला जागा आहे, चहा आहे.

तुमची,
खालच्या आळीतली गिरणीवाली
आणि आळीतल्या सगळ्या जणी