कात्रणावर तारीख नाही, म्हणून हे पत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. बहिणाबाई चौधरींची कविता सुरू करण्याआधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात दरवर्षी लिहायचो : जन्म २४ ऑगस्ट १८८०, नागपंचमी, आसोदे. त्या ओळीला कधी कोणी हात लावला नाही. मुलांनी वहीत उतरवून घेतली, परीक्षेत लिहिली, मी बरोबरची खूण केली. गेल्या श्रावणात माझ्या नातीने विचारले, “आबा, पन कशावरून?”

नात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात एक कार्यशाळा झाली. तिथे मुलांना मराठी विकिपीडियावर खाती उघडून दिली आणि खानदेशातल्या एकेका व्यक्तीचे चरित्रपान सुधारायला सांगितले. कोणाला बालकवी मिळाले, कोणाला साने गुरुजी. हिने बहिणाबाई मागून घेतल्या. आसोदे आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात; तिला वाटले, आपल्याच घरातले काम आहे.

पहिल्या रात्री जेवणे आटोपल्यावर तिने तासाभरात दोन परिच्छेद लिहिले. मला वाचून दाखवले, मी मान डोलावली. ‘काळ्या मातीचा अजरामर हुंकार’ असे काहीतरी त्यात होते आणि माझ्या आईने सांगितलेली जात्यावरची एक आठवण होती. सकाळी पाहतो तर दोन्ही परिच्छेद साफ. पानाच्या इतिहासात, म्हणजे कोणी काय बदलले याच्या नोंदीत, कोणीतरी एवढेच लिहून ठेवले होते : संदर्भ नाही, भाषा गौरवपर. पोरगी रडकुंडीला आली. मीही तापलो. बहिणाबाईंबद्दल आसोद्याकडच्या माणसाला हे कोण शिकवणार? (तिथे पानात बदल करणाऱ्या प्रत्येकाला संपादकच म्हणतात. म्हणजे संपादकाने मजकूर परत पाठवल्याचा अनुभव आमच्या घराण्यात मला होताच, आता नातीलाही आला.)

दोन दिवसांनी ती पुन्हा बसली, पण या वेळी थेट पानावर नाही. सरावासाठी प्रत्येकाला एक कोरे पान मिळते, त्याला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात. ज्याने हे नाव दिले त्याला माझा दंडवत. माझे आजोबा धूळपाटीवरच अक्षरे गिरवायला शिकले होते. तर धूळपाटीवर तिने आपलाच मजकूर घेतला आणि एकेका वाक्याला विचारत गेली, हे कशावरून? तेराव्या वर्षी लग्न झाले, कशावरून? ३ डिसेंबर १९५१ ला जळगावात निधन, कशावरून? उत्तर म्हणून पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक देता आला तर वाक्य राहायचे, नाहीतर जायचे. ‘अजरामर’ गेला. ‘हुंकार’ गेला. माझ्या आईची आठवणही गेली; ती कुठे छापून आलेली नाही. मला ते लागले, खोटे कशाला बोलू. भाषेच्या मुद्द्यावर तर आमचे वाजलेच. मी म्हणालो, नुसते अहिराणी लिहू नकोस, ही आपली लेवा गणबोली आहे, लेवा पाटीदार समाजाची बोली. ती म्हणाली, “आबा, तुम्ही लेवा आहात, संदर्भ नाहीत. कोण्या भाषेच्या अभ्यासकाने लिहिलेलं पुस्तक द्या.” द्यावे लागले.

मग आली जन्मतारीख. नेटवर दोन तारखा फिरतात, ११ ऑगस्ट आणि २४ ऑगस्ट. गंमत म्हणजे दोन्हींपुढे ‘नागपंचमी’ असतेच. (एका संकेतस्थळाने तर तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई आणि आमच्या बहिणाबाई एकच करून टाकल्या होत्या, मधली अडीचशे वर्षे गिळून. त्यापुढे तेरा दिवस म्हणजे काहीच नाही.) माझ्या पत्नीने एक जुनी गोष्ट काढली. तिथी आणि इंग्रजी तारीख दर एकोणीस वर्षांनी जवळपास जुळून येतात. आपल्याकडे एकोणिसाव्या वाढदिवसाला बायका हे हमखास बोलतात. १८८० मध्ये एकोणीस सत्ते एकशे तेहतीस मिळवले की येते २०१३. आमच्या घरी २०१३ चे कॅलेंडर शाबूत निघाले, कारण त्याच्या पानांमागे दुधाचा हिशेब आहे. ऑगस्टचे पान उलटले. नागपंचमी ११ तारखेला. आणि २४ ऑगस्टला? नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, वद्य पक्ष चालू. नागपंचमी ही शुद्ध पंचमी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मला एकतीस वर्षे फळ्यावर दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहिताना दिसले नाही.

मला वाटले, झाले, टाक आता ११ ऑगस्ट. नातीने मान हलवली. दुधाच्या हिशेबाचे कॅलेंडर हा संदर्भ होत नाही. स्वतः गणित मांडून निष्कर्ष काढला तर त्याला तिथे मूळ संशोधन म्हणतात आणि ते लेखात चालत नाही. दुसऱ्या कोणी अभ्यास करून ते छापलेले हवे. मी चक्रावलो. आमच्या शेजारच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे राहिले, तिथेच १९२६ च्या ३१ डिसेंबरला गेले. त्यांना अस्सल कागद लागायचा. दप्तरातला कागद दाखवा, मग बोला. आणि या ज्ञानकोशाला अस्सल कागदापेक्षा त्या कागदावर कोणी लिहिलेले पुस्तक जास्त प्रिय! आधी हे मला उलटेच वाटले. नंतर पटले. तिथे कोणीही येऊन लिहू शकतो, आणि लिहिणाऱ्याची पारख करायला सोय नाही. मग पारखायचे ते लिहिलेल्यामागचे पुस्तकच. राजवाड्यांचे काम राजवाड्यांनी करावे आणि छापावे, कोशाने ते वाचून सांगावे.

शेवटी तिने लेखात लिहिले की जन्म १८८० च्या नागपंचमीचा, आणि छापील मजकुरात ११ ऑगस्ट व २४ ऑगस्ट अशा दोन तारखा आढळतात. दोहोंपुढे आपापले संदर्भ. कॅलेंडरचे प्रकरण तिने चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायच्या वेगळ्या पानावर मांडले, लेखात नाही. एवढ्या दोन ओळींसाठी जळगावात तिच्या तीन खेपा झाल्या.

गाण्यांचे पुस्तक १९५२ चे, बहिणाबाई गेल्यानंतरचे. त्याला अत्र्यांची प्रस्तावना आहे. ती आख्खीच पानावर डकवावी असे मी सुचवले, तर तिने मला कायदा सांगितला. लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. अत्रे १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ साल सरेपर्यंत थांबा. गाणी मात्र मोकळी झाली आहेत.

आता आपल्याकडे येतो, संपादक महाराज. हे सारे करताना तिला सर्वांत जास्त छळले ते वर्तमानपत्रांनी.

आमच्या शेजारच्या काकूंनी एक कात्रण जपून ठेवले होते. बहिणाबाईंना पाहिलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत. लग्नातल्या ओव्या, शेतावरची भाकरी, सगळे त्यात. कात्रण पिवळे पडलेले, घडीवर चिरलेले, कडेने नीट कात्रीने कापलेले. कात्री इतकी नीट चालली होती की दैनिकाचे नाव, तारीख, पान क्रमांक, लेखकाचे नाव सगळे बाहेर गेले. पोरीने ते पालथे घातले. मागे केळीचे प्रकारवार भाव : नवती, पिलबाग, वापसी. आकडे होते, वर्ष नव्हते. सोन्यासारखी मुलाखत, आणि तिच्यातले एक वाक्यही पानावर घेता आले नाही.

तिच्या मैत्रिणीचा प्रकार निराळा. तिच्याकडे एका स्वातंत्र्यसैनिकाचे पान होते. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वे साहित्य संमेलन भरले, त्या सुमारास खानदेशावर पुरवण्याच पुरवण्या निघाल्या. तशाच एका पुरवणीत तिला लेख सापडला. तारीख होती, नाव होते, पान होते. ती हरखली. मग वाचता वाचता एका गावाच्या नावातल्या चुकलेल्या वेलांटीवर अडखळली. तीच वेलांटी ज्ञानकोशाच्या पानावर चुकलेली होती. इतिहास उघडून पाहिले तर ती वाक्ये तिथे पुरवणीच्या तीन वर्षे आधी कोणीतरी बिनसंदर्भाची टाकलेली. पुरवणीच्या लेखकाने ती जशीच्या तशी उचलली, वेलांटीसकट. आता तोच लेख त्याच पानाला संदर्भ म्हणून जोडला असता, तर मांजराने स्वतःची शेपटी धरून उंदीर पकडल्याचा पुकारा केला असता. दैनिकाचे नाव लिहीत नाही. माझ्या चोवीस तारखेपुढे मी कोणत्या तोंडाने लिहू?

म्हणून विनंती आहे. जयंती-पुण्यतिथीचा मजकूर छापाल तेव्हा तारीख कुठून घेतली एवढे एका ओळीत सांगा. दैनिकाचे नाव आणि तारीख पानाच्या माथ्यावर असतेच, ती मोठ्या लेखाखाली बारीक टायपात पुन्हा दिली तर कात्रीतून वाचेल. नेटवरच्या जुन्या बातम्यांचे पत्ते दोन-तीन वर्षांत मरतात. तिने जोडलेल्या पाच दुव्यांपैकी दोन आताच उघडत नाहीत. आणि आपल्या कचेरीत जुन्या अंकांच्या बांधीव फाइली असतील, तर महिन्यातला एखादा शनिवार मुलांना बसू द्या. ती मुले चहा मागणार नाहीत, एक टेबल आणि खिडकीजवळची जागा मागतील.

माझे पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी आता पन्नाशीला आले, त्यातले काही आपला अंक घेतात. त्यांच्या वहीत माझी २४ ऑगस्ट अजून असेल. एवढे छापलेत तर त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, जळगाव

ता. क. : काकूंच्या कात्रणामागचे केळीचे भाव मी उतरवून ठेवले आहेत. ते कोणत्या वर्षाचे हे सांगू शकेल असा रावेर-यावलकडचा कोणी जुना व्यापारी आपल्या वाचकांत असेल, तर आपल्या कचेरीत निरोप ठेवावा. वर्ष कळले की नात त्या वर्षाच्या फाइली चाळायला तयार आहे.