१९६६च्या नऊ वर्षं आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलवरचा लेख वाचला. १९६६ साली टेक्सस वेस्टर्नने पाचही कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीलाच कोर्टवर उतरवले आणि एनसीएए या मोठ्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बलाढ्य केंटकीला ७२-६५ असं हरवलं, तो प्रसंग लेखकाने झकास रंगवला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण कॉलेज बास्केटबॉलमधल्या वर्णभेदाला पहिला धक्का त्या सामन्याने दिला, असा जो लेखाचा सूर आहे तो पटत नाही. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९५७ साली, टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं होतं. १९५८ला पुन्हा, १९५९ला पुन्हा. लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं तोवर कुठल्याच कॉलेज संघाला जमली नव्हती. पण ही स्पर्धा एनएआयए या संघटनेची, छोट्या कॉलेजांची, म्हणून ती कुणाच्या खिजगणतीत नाही.

मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत १९३७ साली ही स्पर्धा सुरू झाली. आज मार्च महिन्यात जिचा एवढा गाजावाजा होतो ती एनसीएएची स्पर्धा १९३९ची, न्यूयॉर्कची एनआयटी ही दुसरी कॉलेज स्पर्धा १९३८ची. म्हणजे वयाने थोरली हीच. तिच्यामागे खुद्द बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ होते, पण खरी धावपळ केली बेकर विद्यापीठाच्या एमिल लिस्टन यांनी. निमित्त मात्र अगदी व्यवहारी होतं. शहरात होणारी हौशी संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९३५ साली डेन्व्हरला गेली होती आणि इकडे नवंकोरं म्युनिसिपल ऑडिटोरियम बांधून तयार होतं. एवढ्या मोठ्या सभागृहात काहीतरी व्हायला हवं ना! पहिल्या वर्षी आठच संघ आले. अंतिम सामन्यात सेंट्रल मिझुरीने मॉर्निंगसाइडला ३५-२४ असं हरवलं. आजच्या पोरांना हा गुणफलक शाळेतल्या सामन्याचा वाटेल. पण तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर नेऊन जंप बॉल करावा लागे, म्हणजे पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी दोघांनी उडी मारायची. बास्केट झाली की खेळ थांबला, सगळे परत मध्यभागी. तो नियम पुढच्याच हंगामात गेला आणि खेळ सुसाट सुटला. दुसऱ्या वर्षी संघ झाले बत्तीस. पुढे आयोजकांची रीतसर संघटना झाली, तीच १९५२पासून एनएआयए या नावाने ओळखली जाते.

या स्पर्धेचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता येत नाही. सुरुवातीला तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना चक्क बंदी होती. १९४७ साली इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी याच कारणावरून निमंत्रण नाकारलं. त्यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजने बंदी उठवा, नाहीतर आम्ही येत नाही, असं बजावलं. ऑलिंपिकच्या निवड चाचणीतली स्पर्धेची जागाही धोक्यात आली होती. तेव्हा कुठे आयोजकांनी नियम मागे घेतला. उपरती झाली म्हणा किंवा नाक दाबल्यावर तोंड उघडलं म्हणा.

वुडन यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी पुढे लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला एनसीएएची दहा विजेतेपदं मिळवून दिली, त्यामुळे हा प्रसंग नेहमी त्यांच्या मोठेपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला यात वॉकरचं पारडं जड वाटतं. नियम गेला म्हणून शहर बदललं नव्हतं. १९४८ साली इंडियाना स्टेट खेळायला आली तेव्हा संघ हॉटेलात उतरला, वॉकर मात्र रात्री एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे झोपायला जायचा. हॉटेलात जेवायचं तर इतर गिऱ्हाइकांच्या नजरेआड, बंद खोलीत. तो काही संघाचा हुकमी खेळाडू नव्हता, राखीव म्हणूनच जास्त बसायचा. त्या स्पर्धेत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तो. अंतिम सामन्यात इंडियाना स्टेट लुइव्हिलकडून ८२-७० अशी हरली, तरी ती स्पर्धा लक्षात ठेवायची ती वॉकरसाठी.

१९५३ साली कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना प्रवेश मिळाला, तोही कसा? त्यांचा वेगळा विभाग करून. आपापसात खेळा आणि तुमच्यातला एक संघ कॅन्सस सिटीला पाठवा. पंगतीत घेतलं, पण पान बाजूला मांडलं, असाच हा प्रकार. टेनेसी ए अँड आय याच वाटेने आत आली.

त्या संघाचे प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन. त्यांचा साधा उल्लेखही लेखात नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. ते कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथ यांच्याच हाताखाली शिकले, पण वर्णामुळे तिथल्या संघात त्यांना खेळू दिलं नाही. मग ते शिकवायला लागले. चेंडू हातात आला की प्रतिस्पर्ध्याला सावरू न देता धावायचं, हा फास्ट ब्रेकचा खेळ त्यांनी घडवला. १९४४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये त्यांच्या तेव्हाच्या कृष्णवर्णीय कॉलेजच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गोऱ्या संघाशी बंद दाराआड सामना खेळला आणि ८८-४४ असा जिंकला. प्रेक्षक नाहीत, बातमी नाही, कारण असा सामना खेळणंच तिथे धोक्याचं होतं. पुढे १९५४ साली कॅन्सस सिटीत येताना त्यांनी आधीच सांगून ठेवलं, की माझी मुलं शहराच्या मध्यभागातल्या हॉटेलात, इतर संघांसारखीच राहतील आणि जेवतील. वॉकरच्या वाट्याला जे आलं त्यानंतर सहाच वर्षांनी ही अट मान्य झाली. मॅक्लेंडन यांना प्रशिक्षक म्हणून नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला मात्र २०१६ साल उजाडावं लागलं. तोवर ते हयातही नव्हते.

'छोटी कॉलेजं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडं खेळाबद्दल. मॅक्लेंडन यांचा डिक बार्नेट आणि १९६१चं विजेतेपद मिळवणाऱ्या ग्रॅम्बलिंगचा विलिस रीड, दोघे पुढे न्यूयॉर्क निक्समध्ये एकत्र खेळले आणि १९७० साली एनबीए ही व्यावसायिक लीग जिंकले. नव्वदच्या दशकात पहाटे उठून टीव्हीवर शिकागो बुल्स पाहणाऱ्यांना स्कॉटी पिपेन आणि डेनिस रॉडमन सांगायला नकोत. दोघेही एनएआयएच्या कॉलेजांतूनच आले.

एका गोष्टीची मात्र चुटपुट लागून राहते. वर्षानुवर्षं बत्तीस संघ एकाच शहरात, एकाच छपराखाली यायचे. जिंकायचं तर सहा दिवसांत पाच सामने काढायचे. सकाळी सुरू झालेले सामने रात्री उशिरापर्यंत चालायचे, आणि शेवटी कौशल्याइतकाच पायांतला दम कामी यायचा. स्पर्धा मधल्या काळात शहरातल्याच केम्पर अरीनात गेली, मग ओक्लाहोमातल्या टल्सालाही जाऊन आली, पण ही रीत टिकली. २०२१पासून संघ वाढत चौसष्टपर्यंत गेले आणि सुरुवातीच्या फेऱ्या वेगवेगळ्या गावांत खेळवून फक्त सोळा संघ कॅन्सस सिटीत आणले जाऊ लागले. खर्चाचं आणि प्रवासाचं गणित मी समजू शकतो. तरी मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात उमर घालवलेल्या माणसाला ते रुचत नाही.

आपल्याकडे दर मार्चमध्ये एनसीएएच्या निकालांना अर्धं पान मिळतं. त्यातल्या दोन ओळी एनएआयएला द्या, आणि पुरवणीत १९६६चा लेख पुन्हा कधी घ्याल तेव्हा मॅक्लेंडन यांच्यासाठी एक चौकट ठेवा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सांगली