सुध्या माडी चढवायलाय

१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय गफूर,

हे फोनवर सांगता येणार नाही. सांगायला लागलो की माझा आवाज चढतो, तिकडं तुझ्या साइटवर मिक्सरचा कालवा, अन् तू "हां हां, बोल बाला" म्हणत मधेच दुसऱ्या कुणाला तरी शिव्या घालतोस. म्हणून लिहायलोय. जेवण झाल्यावर निवांत वाच. आम्ही बरे आहोत. माझी साखर आहे तेवढीच, गोळी चालू आहे. मायचे गुडघे दुखतात. ते असू दे.

आपला धाकटा सुध्या माडी चढवायलाय. त्याच घरावर. १९९६ साली वस्तादानं, तू अन् मी उभं केलेल्या घरावर. सगळीकडून चार इंची भिंत, अन् वर स्लॅब. भाऊबीज झाली की स्लॅब भरायचा म्हणतो.

मला कुणी विचारलं नाही. मी निलंग्याला शाळेच्या कामावर होतो, तिथं राहायलाच. परत आलो तर भिंत खिडकीच्या वर गेलती. तसाच परांचीवर चढलो. विटा कोरड्याच लावलेल्या. थप्पीतून उचलायची अन् लावायची. वीट सगळं पाणी ओढून घेते अन् सांध्यात माल भुकटी होऊन बसतो, बोटानं उकरला तर हातात आला. आपल्याला पहिलं वर्षभर वस्तादानं दुसरं काय करू दिलं? हौदात विटा टाकायच्या, बुडबुडे थांबले की काढायच्या. वीट हातात घेऊन वाजवायची, टणक वाजली तर भिंतीत, भद्द वाजली तर बाजूला. तू तर सगळ्याच विटा बाजूला टाकून मोकळा व्हायचास, म्हणजे तेवढ्याच कमी उचलायला.

बरं, सांध्यावर सांधा आलाय तीन ठिकाणी. खिडकी कोपऱ्याला खेटून, मधे दीड विटेची जागा. कोपऱ्यापासून दोन फूट सोडल्याशिवाय भोक पाडायचं नाही, हे तुला झोपेत विचारलं तरी तू सांगशील. अन् भिंतींना बांधून ठेवणारी सळईची काँक्रीट पट्टी कुठंच नाही. खिडकीखाली नाही, लिंटलला नाही. लिंटल म्हणजे फक्त खिडकीवर टाकलेला तुकडा. भिंत भिंतीला बांधलेलीच नाही, गफूर. चार भिंती एकमेकींना टेकून उभ्या आहेत, एवढंच.

मिस्त्री लातूरच्या मजूर-अड्ड्यावरचा. पंचवीस-सव्वीसचं पोर. खोटं बोलणार नाही, हात चांगलाय. ओळंबा लावून बघितला, कुठंही फरक नाही. थापी झरझर चालते, तुझ्यापेक्षा तर नक्कीच. मी म्हणालो, "बाबा, ही भिंत चार इंची कशी?" तर म्हणतो, "काका, पुण्यात मी पंधरा मजली टॉवरवर चार इंचीच बांधलीय." मी म्हणालो, "तिथं वजन कोण उचलतं?" म्हणाला, "कॉलम." म्हणालो, "मग इथला कॉलम दाखव."

त्यानं खरंच इकडंतिकडं बघितलं. खाली वाकून बघितलं. मग सुध्याकडं बघितलं.

माझा त्या पोरावर राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. तो शिकला तेव्हापासून त्यानं भिंत पाहिली ती अशीच, दोन कॉलमच्या मधे भरलेली. वजन बीम उचलतो, कॉलम खाली नेतो, भिंत नुसता आडोसा. तिथं चार इंची चालते, सिपोरेक्सचा हलका ब्लॉक तर झकास चालतो. तूच सांगत होतास की तुझ्या आताच्या साइटवर वीटच येत नाही, ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत अन् स्लॅब एकदमच ओततात, अन् तुझ्याकडं उरतं ते बाथरूमचं अन् डक्टचं ब्लॉककाम. मला तेव्हा वाईट वाटलं ते तुझ्या मजुरीचं. आता कळतंय की गोष्ट त्याहून मोठी आहे. भिंतीवर घर उभं राहतं हे ज्यानं कधी केलंच नाही असा मिस्त्री आता गावोगाव फिरायलाय, अन् आपल्या गावातली निम्मी घरं अजून भिंतीवरच उभी आहेत. पोरगं हुशार आहे, वेगात आहे, स्वस्तात करतं. त्याला लोक बोलावणारच.

वस्तादाची फार आठवण आली. तुला भूकंपानंतरचा तो झाडाखालचा वर्ग आठवतो का? १९९४ असेल, नाहीतर १९९५. इंजिनियर चित्रं घेऊन आलते, पंचायतीच्या लिंबाला टांगली. वस्ताद मागं बसून बिडी ओढत होता. माझ्या बापानं तीन-तीन फुटी भिंती बांधल्या, हे काल आलेलं पोरगं मला काय शिकवतंय, असं पुटपुटत. मग त्या इंजिनियरनं सगळ्यांना पाटलाच्या पडक्या वाड्याकडं नेलं अन् भिंतीची फोड दाखवली. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मधे माती अन् खडे भरलेले. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड एक नाही. हादरा बसला तेव्हा आतला थर आत पडला, बाहेरचा बाहेर, अन् वरचं मातीचं माळवद झोपलेल्यांवर. ती भिंत वस्तादानंच दुरुस्त केलती, दोन सालं आधी. त्यानं बिडी विझवली अन् पुढं जाऊन बसला. त्या दिवसापासून त्यानं आरपार दगड अन् पट्टी कधी सोडली नाही, मालक कितीही कुरकुरला तरी. तीन इंच जाडीची पट्टी, दोन सळया, सहा-सहा इंचांवर कड्या, अन् कोपऱ्यात सळई वळवून पुढच्या भिंतीत दोन हात आत. कोपऱ्यात जोड दिला म्हणून त्यानं तुला कसा धुतला ते मी इथं लिहीत नाही, तुझ्या सूनबाईच्या हाती पत्र लागलं तर पंचाईत.

अन् तुझ्या अम्मी! त्या संवाद सहायक, म्हणजे गाव अन् सरकार यांच्यातला दुवा, झाल्यावर काय रुबाब होता त्यांचा. सरकारी माणसाला उभं करून विचारायच्या, "कोपऱ्यातली सळई पायातून आली का वरूनच खोवली?" तो बिचारा घाम पुसायचा. अम्मी असत्या तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती, त्यांनीच सुध्याच्या परांचीचे बांबू उपसले असते.

आता आपलं जुनं भांडण. उगवतीचा कोपरा मी उभारला. तू कितीही सांग. वस्तादानं मला पहिला कोपरा दिला, तुला दिला मावळतीचा, दुसऱ्या दिवशी, अन् तोही उशिरा, कारण ओळंबा नव्हता. का नव्हता? कारण तू तो गळाला वजन म्हणून बांधून तेरणेवर मासे धरायला गेलतास अन् नदीत घालवून आलास. आठ दिवस वस्तादानं दोरीला दगड बांधून काम केलं अन् आठ दिवस तुला नावानं हाक मारली नाही, "ए मासा" म्हणायचा. माडी चढतेय ती माझ्या कोपऱ्यावर अन् तुझ्या कोपऱ्यावर. म्हणून हे तुझंही काम आहे.

सुध्याशी भांडण झालं. मोठं झालं. मी म्हणालो, काम थांबव. तो म्हणाला, "दादा, तुमचं ते भूकंपाचं पुराण आता बंद करा. बत्तीस वर्षं झाली. परत कशाला येतोय?" मी त्याला सांगितलं की १९९३ च्या आधी सरकारी नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणजे तेव्हाही शहाणी माणसं हेच म्हणत होती. नंतर २००२ साली उचलून तिसऱ्या विभागात घातला. भूकंपाच्या आदल्या सालीच, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीकडं हादरे बसून गेलते. लोक घाबरले, मग हळूहळू विसरले. अन् त्या रात्री गणपती बोळवून दमून झोपले होते सगळे. पहाटे चारला चार मिनिटं कमी. त्याला हे सगळं माहीत आहे. पण शाळेत शिकवलेलं माहीत असतं तसं. त्याला तुझ्या अब्बांनी बाजेखालून काढला तेव्हा तो रांगतही नव्हता.

बोलता बोलता मुन्नीचं नाव ओठावर आलतं. घेतलं नाही. ते नाव माझं नाही, तुझं आहे. तू घ्यायचं का नाही ते तूच ठरव.

सुध्या वाईट नाही, तुला माहीत आहे. खताच्या दुकानावर कर्ज, यंदा पावसानं सोयाबीन काळं पडलं, लोकांची उधारी अडकली. दोन लेकरं मोठी व्हायलीत, त्यांना अभ्यासाला खोली पाहिजे. हिशेब त्यानं मला कागदावर दाखवला. चार इंचीला फुटाला पाच विटा, नऊ इंचीला दहा. सगळ्या भिंतींना मिळून साडेतीन-चार हजार विटा जास्त. दोन पट्ट्यांना साठ-सत्तर किलो सळई. त्याला तो पैसा मोठा आहे, मला मान्य आहे. मी म्हणालो मजुरी मी घेत नाही, मी स्वतः बांधतो. तर म्हणाला, "तुम्ही बांधाल तर दोन वर्षं लागतील."

मग मी माझा हिशेब दाखवला. चारशे फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे अकरा-बारा टन. ते वजन अर्ध्या विटेच्या जाडीवर, खाली भुकटी झालेला माल, अन् मधे बांधून ठेवणारं काही नाही. त्या खोलीत लेकरं झोपणार. तो गप्प झाला. पण गप्प होणं म्हणजे ऐकणं नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं परत परांचीवर होतं.

मला काय पाहिजे ते सांगतो, म्हणजे तुला त्याच्याशी बोलताना घोटाळा नको. सगळ्यात आधी काम थांबायला पाहिजे अन् औशाचा कुणीतरी इंजिनियर येऊन पाया बघायला पाहिजे. आपण मुरूम लागेपर्यंत खोदला हे खरं, काळ्या मातीत ठेवला नाही, पण तो पाया एका मजल्याचा होता, वस्तादानं तेव्हाच बजावलं होतं. पाया दुसरा मजला झेलत असला तर आता उभी आहे ती भिंत उतरवायची, विटा वाचतील तेवढ्या वाचवायच्या, अन् नऊ इंची लावायची. भिजवून, एकास सहाच्या मालात, खिडकीखाली अन् लिंटलला पट्टी ओतून. कोपऱ्यातल्या खालच्या सळया आपण वर सोडल्या होत्या, गच्चीच्या कठड्यात गाडल्या आहेत. फोडल्या की सापडतील, त्यांना जोडून वर न्यायच्या. अन् पाया झेलत नसला तर वर स्लॅब नाहीच. पत्र्याचं हलकं छप्पर टाकायचं, लेकरांना उन्हाळ्यात गरम होईल, पंखा लावतील. पत्रा म्हटलं की त्याला कमीपणा वाटतो, शेजारच्यानं स्लॅब टाकलाय ना. तिथंच खरं अडलंय, पैशात नाही.

तुझं तो ऐकतो. मी त्याला दादा असलो तरी रोज दिसणारा दादा. तू "भैया". तू पुण्याच्या टॉवरवर काम करणारा. त्या पोरानं टॉवरचं नाव सांगितलं की सुध्याला पटतं, मग टॉवरवरच्याच माणसानं सांगू दे की टॉवरची भिंत अन् आपल्या घराची भिंत यात फरक काय. पोराशीही बोल. रागावू नकोस त्याला. मी संध्याकाळी त्याला घरी बोलावून चहा पाजला, पट्टीचं चित्र काढून दिलं, तर घडी घालून खिशात ठेवलं त्यानं. विचारत होता, कड्या किती अंतरावर. शिकेल तो. पाडवा झाल्यावर माझ्या कामावर ये म्हणालोय, बघू येतो का.

शबानाचा नर्सिंगचा निकाल लागला का? मुबारक सांग तिला, नापास झाली असली तरी सांग. फ्लॅटचे हप्ते झेपतायत ना, भाभीचं ऑपरेशन ठरलं का, कळव. तू हेल्मेट घालत नाहीस असं मुजीब सांगत होता, ते घाल.

सुध्या सकाळी दुकानात असतो, गिऱ्हाइकांसमोर बोलणार नाही. दुपारी तीननंतर फोन कर, येत्या रविवारच्या आत. सेंटरिंगवाल्याला त्यानं अजून उचल दिलेली नाही. एकदा ती दिली की मग तो मागं सरणार नाही. अन् मी पत्र लिहिलंय हे त्याला सांगू नकोस.

तुझा,
बालाजी