‘अव्वल २ टक्के’ आणि एच-इंडेक्स : आकडा छापण्याआधी

महोदय,

‘अमुक डॉक्टर जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत’ ही बातमी दरवर्षी येते. सोबत सायटेशन (इतर निबंधांनी दिलेले दाखले) आणि एच-इंडेक्स (त्या दाखल्यांवरून काढलेले संशोधकाचे माप) यांचे आकडे असतात. ते कुठून आणि कोणत्या तारखेला घेतले, हे मात्र नसते. त्याशिवाय ते आकडे निरर्थक आहेत.

मुळात ती यादी हा कुठल्या विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नव्हे. स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपस या शोधनिबंध आणि त्यांच्या दाखल्यांच्या डेटाबेसातील नोंदींवरून ती काढतात. अर्ज नाही, परीक्षक नाहीत, निव्वळ गणित. याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षाची. दोन्हींत फार मोठा फरक आहे, पण बातमीत नाव कोणत्या यादीतले ते क्वचितच सांगितले जाते. स्वतःच्याच जुन्या निबंधांचे दाखले वगळून येणारा क्रमांकही त्याच तक्त्यात असतो. तोही पाहावा; काहींचे स्थान तिथे बरेच घसरते.

आता एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि जिथवर सायटेशन क्रमांकाइतके किंवा जास्त आहेत, तिथवर मोजायचे. समजा सायटेशन ४०, २२, ९, ६, ५, ३ असे आहेत. पाचव्या निबंधाला ५ आहेत, सहाव्याला ३ च, म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या निबंधाचे ४० ऐवजी ४,००० झाले तरी उत्तर ५ च राहते. म्हणजे एखादा उपचार बदलून टाकणारा एकच निबंध या मापात जवळजवळ दिसत नाही. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी तुलना त्यावरून करणे अन्यायाचे. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञ-परीक्षणाआधीच प्रसिद्ध केलेले मसुदे) यांतले दाखलेही मोजतो; स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक स्रोतांपुरते राहतात. म्हणून एकाच व्यक्तीचे तीन एच-इंडेक्स निघतात आणि गूगल स्कॉलरचा बहुधा सर्वांत मोठा असतो. बातमीत कोणता येतो, हे वेगळे सांगायला नको.

विषयांतली तफावत वेगळीच. कर्करोगावरच्या निबंधाला जितके दाखले सहज मिळतात तितके शरीररचनाशास्त्रातल्या उत्तम निबंधालाही मिळत नाहीत, कारण तिथे लिहिणारेच थोडे. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने ‘रिलेटिव्ह सायटेशन रेशो’ काढला. त्यात निबंधाची तुलना त्याच्याच विषयातल्या निबंधांशी होते. एनआयएचच्या निधीतून झालेल्या निबंधांचा मध्यक म्हणजे १.०.

खरा गोंधळ सहलेखनात आहे. ५०० लेखकांच्या एका निबंधाला २,००० सायटेशन मिळाली, तर प्रत्येकाच्या खात्यात २,००० जमा होतात. समान वाटणी केली तर वाट्याला ४ येतात. वैद्यकात पहिले नाव सहसा मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. मधल्या नावांवरून फारसे काही ठरवता येत नाही. म्हणून एकट्याने लिहिलेले, पहिल्या नावाचे आणि शेवटच्या नावाचे निबंध वेगळे मोजावेत. वर सांगितलेल्या यादीच्या गुणांकात ते मोजलेलेही आहेत.

‘इतक्या संशोधकांशी सहकार्य’ हा आकडा तर याहून फसवा. सहलेखकांच्या जाळ्यात प्रत्येक जोडी म्हणजे एक धागा. ५०० लेखकांचा एकच निबंध १,२४,७५० धागे तयार करतो आणि त्यातले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. अशा निबंधातल्या धाग्याचे वजन लेखकसंख्येच्या प्रमाणात कमी करावे लागते. संस्थांमधले सहकार्य पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीवरून मोजणाऱ्यांनी आणखी एक जपावे: १९८८ ते २०१३ या काळात तिथे फक्त पहिल्या लेखकाची संस्था नोंदवली जात असे. त्यामुळे २०१४ पासून सहकार्य अचानक फोफावल्यासारखे दिसते. बदलली ती नोंदीची पद्धत. नावांचाही घोळ आहेच. आडनाव आणि आद्याक्षर सारखे असले की दोघांचे निबंध एका खात्यात जातात. लग्नानंतर नाव बदलले की एकीचीच दोन खाती होतात. २०१२ पासून मिळणारा १६ अंकी ऑर्किड क्रमांक त्यासाठीच आहे, पण त्या खात्यातली यादी संशोधकाने स्वतः तपासली असेल तरच तो कामाचा.

दाखला म्हणजे शाबासकी, असेही नाही. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’मधला १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याला मिळालेल्या दाखल्यांत खोडून काढणारेही पुष्कळ आहेत. मोजणीत मात्र सगळे सारखेच.

उलट बाजूही आहे. एखाद्या चाचणीचा निष्कर्ष उपचार-मार्गदर्शिकेत गेला की पुढचे लेखक मार्गदर्शिकेचाच दाखला देतात आणि मूळ निबंधाचा आकडा थांबतो. रुग्णांवर झालेला परिणाम शोधायचा असेल तर निबंधाचा दाखला क्लिनिकल चाचण्यांनी आणि मार्गदर्शिकांनी घेतला का, हे पाहावे. एनआयएचच्या आयसाइट या मोफत संकेतस्थळावर पबमेड क्रमांक टाकला की ही माहिती वेगळ्या रकान्यात दिसते. वार्ताहराला दहा मिनिटांचे काम आहे.

आपले,
वैद्यकीय ग्रंथालय व संशोधन-मापन क्षेत्रातील काही वाचक