रोपांच्या पिशवीत काय भरतो, तेही पाहावे

महोदय,

पावसाळा जवळ आला की वृक्षलागवडीच्या बातम्यांत रोपांचे आकडे येऊ लागतात. २०१९ च्या राज्यव्यापी मोहिमेचे उद्दिष्ट तर ३३ कोटी रोपांचे होते. मात्र ही रोपे ज्या पिशव्यांत वाढली त्यांत काय भरले होते, याची विचारपूस क्वचितच होते.

आमच्या कोकणात अनेक ठिकाणी खोल खणून काढलेली जांभ्याची लाल माती आणि शेणखत यांनीच पिशव्या भरतात. इतक्या खोलवरच्या मातीत मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी फारशी नसते. बुरशी म्हटले की आपल्याला नासलेले लोणचे आठवते. ही बुरशी मात्र मुळांकडून साखर घेते आणि त्या बदल्यात, मुळांवरील केसांपेक्षाही बारीक तंतू दूरवर पसरवून, जांभ्यात लोह व ॲल्युमिनियमने जखडून ठेवलेले स्फुरद (फॉस्फरस) त्यांना आणून देते. त्यासाठी विकतची पाकिटेच हवीत असे नाही. ऐन, जांभूळ अशा जुन्या निरोगी झाडाखालची, बारीक मुळे असलेली वरच्या थरातील मूठभर माती प्रत्येक पिशवीत मिसळली तरी बुरशीचे विरजण लागते. त्याच पिशवीत सुपर फॉस्फेट हे स्फुरदयुक्त खत भरले, तर आयते स्फुरद मिळालेले मूळ बुरशीला फारसे जवळ करत नाही.

पिशवीत मिसळण्याजोगी दुसरी वस्तू म्हणजे खडी क्रशरवरील काळ्या दगडाची बारीक पूड. अतिवृष्टीने कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेलेल्या आम्लधर्मी जांभा जमिनीला ती सावकाश भरपाई देते. देशावरील काळी माती याच दगडाची बनलेली असल्याने तेथे तिचा लाभ बेताचाच. या पुडीत नत्र नाही, पालाशही थोडेच. त्यामुळे शेणखत वगळून चालणार नाही. पूड ओली करूनच मिसळावी, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

मी स्वतः काजूच्या शंभरेक पिशव्यांत हे दोन्ही मिसळून पाहिले. उंचीत डोळ्यांत भरेल असा फरक पडला नाही, पण लावणीच्या वेळी पिशवी फाडल्यावर मातीचा गोळा मुळांनी घट्ट धरलेला दिसला. माझा हा प्रयोग काही शास्त्रीय नव्हे. म्हणूनच सामाजिक वनीकरण विभागाने कोकणातील आपल्या रोपवाटिकांत यंदा निम्म्या पिशव्या नेहमीप्रमाणे आणि निम्म्या अशा भरून, दोन पावसाळ्यांनंतर किती रोपे जगली याची मोजणी जाहीर करावी, ही विनंती.

— एक रोपवाटिकाधारक, संगमेश्वर (जि. रत्नागिरी)