एजंटला शेजारची खुर्ची नसते

प्रिय सुहास,

चार महिने झाले, तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. रागावला असशील तर रास्तच आहे. इकडे सगळे बरे, आईचा गुडघाही आता ठीक. आज लिहायला बसलो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

आपल्या जुन्या रेपोत, म्हणजे त्या पायथन कोडच्या साठ्यात, कोड लिहिणाऱ्या एआय एजंटने तीन ओळींची दुरुस्ती केली आणि पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे तपासणीला पाठवलेल्या बदलांत, दोनशे फायली आल्या. चूक त्याची नाही. एजंट्स डॉट एमडी या एजंटसाठीच्या सूचनांच्या पानात आपण एवढंच लिहून ठेवलं होतं: ‘कोड फॉरमॅट करून द्यावा.’ नव्या मुलाला हे वाक्य पुरतं, अडलं तर तो शेजारच्या खुर्चीवरच्या गोट्याला विचारतो. एजंटने सरळ सगळ्या रेपोवर ‘रफ फॉरमॅट’, म्हणजे रफ या साधनाची कोडची मांडणी एकसारखी करणारी कमांड, चालवली. सांगितलं तेच केलं त्याने.

म्हणून ते पान नव्याने लिहितोय. पहिली ओळ पूर्ण कमांडची: ‘यूव्ही रन रफ फॉरमॅट’ आणि पुढे फक्त बदललेल्या फायलींची नावं. ‘यूव्ही रन’ (यूव्ही म्हणजे पायथनची पॅकेजं सांभाळणारं साधन) अशासाठी, की लॉक फाइलमध्ये नोंदवलेलीच रफची आवृत्ती चालावी. मशीनवर पडलेली दुसरी कुठली आवृत्ती चालली तर एखादी ओळ वेगळी मोडते आणि सीआय, म्हणजे सर्व्हरवरची आपोआप तपासणी, लाल होतं. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या प्रकल्पाच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘रिक्वायर्ड-व्हर्जन’ही घातलंय, म्हणजे चुकीची आवृत्ती चालतच नाही.

पण इथेच एक खड्डा आहे. फाइलचं नाव थेट दिलं की रफ ‘एक्सक्लूड’ची यादी बघतच नाही! प्रोटोबफमधून आपोआप तयार झालेल्या फायली आपण वगळल्या होत्या ना, त्याही नाव दिल्यावर फॉरमॅट होतात. ‘फोर्स-एक्सक्लूड’ ट्रू केलं तरच यादी पाळली जाते. म्हणजे आपण शहाणपणाने ‘बदललेल्याच फायली द्या’ म्हणायचं आणि त्यानेच कुंपण उघडं पडायचं.

दुसरं, इम्पोर्टची, म्हणजे बाहेरचा कोड आणणाऱ्या ओळींची, क्रमवारी. फॉरमॅटर ती लावत नाही. आधी ‘रफ चेक --सिलेक्ट आय --फिक्स’, मग फॉरमॅट. हा क्रम पानावर स्पष्ट हवा.

सगळ्यात जास्त छळलं ते हुकने, म्हणजे ठरावीक क्षणी आपोआप धावणाऱ्या कमांडने. प्रत्येक एडिटनंतर आपोआप ‘रफ चेक --फिक्स’ आणि फॉरमॅट, अशी सोय केली होती. एजंट आधी वर इम्पोर्ट टाकतो, पुढच्या एडिटमध्ये ते वापरतो. मधल्या क्षणी हुक धावतो, ‘न वापरलेलं इम्पोर्ट’ म्हणून एफ-४०१ या नियमाखाली ती ओळ उडवतो. एजंट पुन्हा टाकतो, पुन्हा उडते. आता एफ-४०१ ‘अनफिक्सेबल’च्या, म्हणजे रफने आपणहून दुरुस्त न करायच्या, यादीत आहे आणि हुकमध्ये फक्त फॉरमॅट. शिवाय फॉरमॅटरने फाइल बदलली की एजंटने आधी वाचलेला मजकूर जुना होतो, त्यावर बेतलेली पुढची एडिट जुळत नाही. म्हणून पानावर ओळ: ‘फॉरमॅटनंतर फाइल पुन्हा वाचावी.’

प्री-कमिटचंही, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याआधीच्या (कमिटच्या) तपासणीचंही, तसंच. हुकने फाइल बदलली की कमिट थांबतो. तो बिघाड नव्हे, ‘गिट ॲड’ करून पुन्हा कमिट करायचा. हे लिहिलेलं नसेल तर एजंट ‘--नो-व्हेरिफाय’ची, म्हणजे तपासणीच टाळण्याची, पळवाट काढतो. ती बंद आहे, हे कारणासकट लिहिलंय. ‘रफ फॉरमॅट --चेक’चे आकडेही दिलेत: ० म्हणजे नीट, १ म्हणजे फॉरमॅट करायचं बाकी, २ म्हणजे कॉन्फिग किंवा खुद्द रफचीच अडचण, तिथे थांबून माणसाला विचारावं.

आणि ओळीच्या कमाल रुंदीचं तुझं ७९! ब्लॅक हा फॉरमॅटर २०१८ मध्ये ८८ घेऊन आला, रफनेही तेच ठेवलं, तरी तू त्या चहाच्या टपरीवर टेबल बडवून भांडत होतास. जुन्या विकीवर तुझं ७९ अजून आहे बरं का. ते वाचून एजंट हाताने ओळी मोडतो, फॉरमॅटर त्या ८८ पर्यंत पुन्हा जोडतो. शेवटच्या आर्ग्युमेंटमागे स्वल्पविराम असला तर मात्र यादी उभीच राहते, मग डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, उगाच लांबतो. म्हणून पानावर रुंदीचा आकडा ठेवलाच नाही. तो फक्त पायप्रोजेक्टमध्ये.

आता काळजी एकच: पान किती लांब असावं? एजंट ते प्रत्येक सत्रात वाचतो. पसरट झालं तर कामाची ओळ बुडते, आखूड केलं तर कारणं गळतात आणि कारण नसलेला नियम पहिल्या अडचणीला मोडला जातो. सध्या चाळीस ओळी आहेत. मला तीस हव्यात आणि कारण एकही गाळायचं नाहीये.

नवं घर लागलं का नीट? चिरंजीव शाळेत रमले का? वहिनींना नमस्कार सांग.

कच्चा मसुदा वेगळा पाठवतोय. हुकचा परिच्छेद आधी वाच आणि कुठली ओळ काढायची ते लाल करून पाठव. शुक्रवारच्या आत जमलं तर फार बरं, सोमवारी ते पान मुख्य ब्रँचवर जातंय.

तुझा,
अवि